वाटसरूचा कोट

कोट शिवण्यात माझा हात धरणारा आमच्या बाजारात कोणी नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगायला बसलेलं नाही. पोट सुटलेल्याला मी कोटात सपाट करतो, खांदे पडलेल्याला ताठ करतो. आणि मनात आणलं तर एखाद्याला कोटात असा अडकवतो की बिचाऱ्याला नाकावरची माशी हाकलता येणार नाही! ही शेवटची कला मी एकदाच वापरली, आणि तीसुद्धा एका मेलेल्या गायकावरच्या रागापायी.

त्या गायकानं स्वतःचं नाव वाटसरू ठेवलं होतं. गाणी स्वतः रचायची, चाली स्वतः लावायच्या आणि खांद्याला वाद्य अडकवून गावोगाव गात फिरायचं, हा त्याचा धंदा. खाणीतल्या मजुरांवर गाणी, नावाड्यांवर गाणी, एक तर नुसतं खेचरावर. तो जाऊनही बरीच वर्षं झाली, पण त्याचे चाहते काही त्याला सोडत नाहीत. दर शनिवारी संध्याकाळी आमच्या बाजारातल्या चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत ते जमतात, त्याच्या जुन्या तबकड्या लावतात आणि त्याच्यावरून भांडतात.

आमची ही त्या मंडळात जायची. एक शनिवार चुकवायची नाही. मी एकदा तापानं फणफणलो होतो, तरी कपाळावर पट्टी ठेवून गेली. जाताना तिचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा असायचा आणि परत यायची ती इस्त्री केलेल्या शर्टासारखी! डोळे चमकताहेत, गालांवर रंग आलाय. तिथं काय करता म्हणून विचारलं की म्हणायची, गाणी ऐकतो, आणि स्वयंपाकघरात निघून जायची.

आता मला सांगा, नवऱ्यानं काय समजायचं? जिवंत माणूस असता तर मी जाऊन त्याची कॉलर धरली असती. कॉलरीतलं मला कळतं. मेलेल्या माणसाची कॉलर कुठून आणू?

ही गेली, त्याला वर्ष होत आलंय. घर अजून अंगावर येतं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, मला ते जमत नाही. पण निदान तिच्याबरोबर वाटसरूही घरातून गेला असं मी धरून चाललो होतो. तर एक दिवस चष्मेवाला दुकानात हजर. वाटसरूच्या स्मृतिदिनाला मंडळ एक छोटं नाटक करणार होतं, त्याच्या शेवटच्या कार्यक्रमावर. वाटसरूचं काम चष्मेवाला स्वतः करणार होता आणि त्याला तसाच कोट हवा होता. लांब, काळा, गळ्यापर्यंत बंद. फोटो घेऊन आला होता.

मी टेप काढली. मी छातीचं माप घेत असताना त्याला एकदम भरून आलं.

"मास्तर," तो म्हणाला, "वहिनींची खुर्ची आम्ही अजून तशीच ठेवलीय. माझ्या शेजारची. तिथं कोणालाच बसू देत नाही मी."

माझ्या हातातली टेप गळून पडली. माझ्या शेजारची! माझ्या घरातही हिची खुर्ची आहे, पण तिच्यावर मी गिऱ्हाइकांच्या पँटी टाकतो. आणि हा परका माणूस माझ्या बायकोची खुर्ची देवासारखी जपतोय! एका मेलेल्या माणसावर जळून जळून मी अर्धा झालो होतो, आणि आता हा धडधाकट, भरल्या गालांचा दुसरा निघाला.

त्या शनिवारी मी ती खुर्ची बघायला गेलो. दारात म्हटलं, मलाही गाणी ऐकायचीत. खोली छोटी, पडदे ओढलेले, पंखा मंद. कोपऱ्यात भिंतीला लागून ती खुर्ची, हातांची, पाठीला उशी. उशीसुद्धा! माझ्या पोटात दुखायला लागलं.

मंडळात त्या दिवशी भांडण जोरात होतं. विषय असा की वाटसरू शेवटच्या कार्यक्रमात कसा गायला. त्याच्यावर जो सिनेमा निघाला, त्यात तो शेवटपर्यंत खणखणीत आवाजात गातो आणि हसत हसत डोळे मिटतो. चष्मेवाल्याला तो सिनेमा मान्य होता. त्याचं म्हणणं, सिंह शेवटपर्यंत सिंहच असतो. त्याच्यासमोर होत्या भूगोलाच्या बाई. शाळेतून निवृत्त झाल्या तरी हातात पट्टी असल्यासारख्या बोलतात. त्यांचं म्हणणं, खाणींतली धूळ खाऊन वाटसरूची फुफ्फुसं गेली होती, शेवटी तो दोन शब्द म्हणायचा आणि थांबायचा, आणि सिनेमातला नट वाटसरू नसून दंतमंजनाची जाहिरात आहे. स्टेशनबाहेरच्या पुतळ्यात वाद्य उलट्या हातात दिलंय, यावर मात्र दोघांचं एकमत होतं.

मला वाटलं आपणही काहीतरी बोलावं. मी विचारलं, "हा एवढा गावोगाव फिरायचा, तर याच्या बायकोचं काय?"

खोलीत अशी शांतता पसरली की जणू मी तबकडीवर बसलो! बाईंनी सांगितलं की तिनं त्याला सोडलं होतं आणि त्यावर त्याची अकरा गाणी आहेत. म्हणजे बायको गेल्यावर मी पँटी शिवतोय, आणि यानं अकरा गाणी करून माझीही बायको ओढून नेली.

घरी येताना माझं ठरलं. कोट असा करायचा की चष्मेवाल्यानं पुन्हा कुठल्या खुर्चीशेजारी बसायचं नाव काढू नये.

कच्च्या टाक्यांवर घालून दाखवला तेव्हा कोट त्याला झकास बसला. तो खूश होऊन गेला. मग मी काखा आत घेतल्या, छाती आत घेतली, बाह्या निमुळत्या केल्या, पाठीत दुहेरी शिवण मारली आणि गळ्याला मागून दोन पोलादी हुक लावले. आयुष्यात इतकं मन लावून मी माझ्या लग्नाचा सूटही शिवला नव्हता.

कार्यक्रमासाठी माझी मुलगी सासरहून आली होती. आठवडाभर राहते म्हणाली, बाबा एकटे असतात. हॉल भरला होता. पडद्यामागे मी चष्मेवाल्याला कोटात घातलं. घातलं म्हणजे कोंबलं. हुक लावल्यावर तो बारीक आवाजात म्हणाला की जरा घट्ट वाटतोय. मी म्हटलं, उजेडात गेलात की सैल होईल. त्यानं विश्वास ठेवला. सुशिक्षित माणूस.

पडदा वर गेला. चष्मेवाला मधोमध उभा. पहिल्या ओळीला त्यानं लोकांना नमस्कार करायचा होता. हात कोपराच्या वर जाईनात. स्टुलावर बसायचं होतं, बसता येईना. शेवटी उभ्या उभ्याच गायला लागला, आणि सिंहाचा आवाज यायच्या जागी फुग्याचं तोंड सोडल्यासारखा आवाज आला. दोन शब्द, थांबा. दोन शब्द, थांबा. कपाळावर घाम, डोळे वर.

मी पहिल्या रांगेत गालात हसत वाट बघत होतो, लोक आता हुर्यो करतील, मग करतील. तेवढ्यात मागून हुंदका ऐकू आला. मग दुसरा. वळून बघतो तर अख्खा हॉल रडतोय! भूगोलाच्या बाई उठून उभ्या राहिल्या होत्या, गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या शेजारच्याला सांगत होत्या, "असाच! अगदी असाच गायचा तो!"

माझ्या जळण्याला आता सीमा राहिली नाही. मी ज्याला पाडायला गेलो, त्याला मी माझ्या हातानं मोठा नट केलं होतं. असा वाटसरू सिनेमाला जमला नाही, पुतळ्याला जमला नाही, आणि माझ्या काखेच्या शिवणीनं उभा केला.

मुलीनं मला कोपर मारलं. "बाबा, त्यांचा चेहरा जांभळा का पडतोय?"

मी पाहिलं. खरंच पडत होता. चष्मेवाला गुडघ्यांवर आला. गळ्याकडे हात न्यायला बघत होता, पण हात जाणार कुठून? ते मीच शिवून ठेवले होते. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

खिशात कात्री नेहमीच असते. मी ती काढली आणि रंगमंचावर उडी मारली. काळी टोपी, हातात उघडी कात्री, पांढरा फटक चेहरा, असा मी मागून त्याच्यावर चालून गेलो आणि हॉलचा श्वास अडकला. भूगोलाच्या बाईंचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "हा काळ आहे. आयुष्याचा धागा तोडायला आलाय. काय कल्पना आहे!"

काळ तिकडे घामानं निथळत होता. हुक निघेनात. माझी शिवण उसवेना! दुसऱ्या कोणाचा कोट असता तर एका झटक्यात फाटला असता, पण हा मी मन लावून शिवलेला. शेवटी पाठीवर गुडघा देऊन मी तो गळ्यापासून कमरेपर्यंत टरकावला. चष्मेवाल्यानं विहिरीतून वर आल्यासारखा श्वास घेतला आणि आडवा झाला. पडदा पडला. बाहेर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

आत त्याला पाणी दिलं, वारा घातला. शुद्धीवर आल्याबरोबर त्यानं माझे दोन्ही हात धरले. "मास्तर, तुम्ही होतात म्हणून वाचलो."

मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. तरी आत ते एक ठुसठुसत होतंच. आज नाही विचारलं तर कधीच विचारता येणार नव्हतं.

"एक सांगा," मी म्हटलं. "ही तुमच्याच शेजारी का बसायची?"

तो इकडेतिकडे बघायला लागला. म्हणाला, वहिनींनी शपथ घातली होती. मी कात्री अजून हातात धरून होतो, त्याचा उपयोग झाला असावा.

"वहिनी झोपायच्या," तो म्हणाला.

"झोपायच्या?"

"पहिलं गाणं संपायच्या आत. एकदम गाढ. कोपरा भिंतीचा म्हणून ती खुर्ची दिली, मान अवघडायला नको म्हणून बाईंनी उशी शिवली. मी शेजारी बसायचो ते शेवटच्या टाळ्या पडल्या की हळूच हलवायला. निघायच्या वेळेला उठवायचो."

"पण मग वाटसरू? त्याची गाणी?"

"एकही पूर्ण ऐकलं नसेल त्यांनी. पण स्वभाव इतका गोड, आम्ही कोणी काही बोललो नाही."

मी विचारलं, झोपायचंच होतं तर घरी काय झालं होतं? चष्मेवाल्यानं माझ्याकडे दयेनं बघितलं. मग म्हणाला, "मास्तर, तुम्ही घोरता. वहिनी म्हणायच्या, भिंतीवरचं घड्याळ थरथरतं."

मी घरी जाताना मुलीला विचारलं, खरं आहे का हे. ती आधी हसली, मग तिचे डोळे भरले. आई म्हणायची, हे दिवसभर मान मोडून शिवतात, यांना कळलं तर झोपायचंच सोडतील. म्हणून सगळ्यांना गप्प केलं होतं तिनं. इतकी वर्षं ही रात्रभर जागी असायची, मला एकदाही हलवलं नाही, आणि मी तिला एका मेलेल्या गायकाच्या नावानं मनातल्या मनात बोल लावत बसलो होतो. मी रस्त्यातच थांबलो. मुलीनं माझा हात धरला. म्हणाली, बाबा, आईला काही त्याचं ओझं नव्हतं. आणि मी आहे ना आठवडाभर.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर दारात तिची बॅग भरून तयार.

"अगं, आठवडाभर राहणार होतीस ना?"

"येईन हो परत," ती जांभई देत म्हणाली. "आधी घरी जाऊन जरा झोपते."