मागची फळी

बाळकुमच्या गॅब्रिएलच्या बैलगाडीची मागची फळी चोरीला गेली, आणि तीही दोनदा. पहिली तो टेंभी नाक्यावर माडी पीत असताना, दुसरी तो चर्चमध्ये मिस्साला बसला असताना. म्हणजे पाप करताना आणि पुण्य करताना त्याला सारखाच न्याय मिळाला. ठाण्यात आगगाडी येऊन तीस वर्षं होत आली होती, पण चोरांचा जीव अजून बैलगाडीतच अडकलेला होता.

तिसरी फळी बसवल्यावर गॅब्रिएलनं डोकं चालवलं. आपलं डोकं चाललं की नुकसान होतं हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं, तरी चालवलं. गाडी उभी केली की दोन खुंट्या उपसायच्या, फळी काढायची आणि खांद्यावर टाकून चालू लागायचं. मग चोर नेणार काय, कपाळ!

अशाच थाटात तो एका रविवारी कळव्याला लिओच्या अंगणात शिरला. लिओची मुलगी क्लारा त्याला बायको म्हणून हवी होती. मागणी घालायला आईबाप नव्हते म्हणून स्वतःच आला होता आणि भेट म्हणून गाडीभर भोपळे आणले होते. लिओ आठ दिवस तापानं अंथरुणाला खिळलाय, हे मात्र बिचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ओट्यावर लिओची बायको थेल्मा पेज गार करत होती. परका माणूस आणि त्याच्या खांद्यावरची भलीथोरली फळी पाहून तिच्या हातातला वाडगाच पडला.

"अरे मेल्या, जीव हाय अजून त्यांच्यात! आताच मयताच्या पेटीची फळी घेऊन आलास?"

"पेटीची नाय गो मावशी, मागची हाय," गॅब्रिएल घाईघाईनं म्हणाला.

आतून लिओचा क्षीण आवाज आला, "मागची? मग पुढची कुठाय?"

"ती गाडीवरच ठोकलीय. बाजूच्या दोन पण तिथंच हायेत."

चोख उत्तर दिल्याचा गॅब्रिएलला क्षणभर आनंद झाला. तेवढ्यात थेल्मानं हंबरडा फोडला, आणि आठ दिवस पाण्यासाठीही मान न उचललेला लिओ काठी घेऊन बाहेर आला. "माझं माप घ्यायला आलास काय रे?"

विहिरीभोवती दोन फेऱ्या झाल्या. पुढे फळी, मागे काठी.

"ओ गाडीवाले, भोपळे चालले!" रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं. बैलांनी माना वर केल्यानं गाडी मागे कलली होती आणि मागून उघड्या गाडीतले भोपळे उतारावरून खाडीकडे गडगडत निघाले होते. फळी भोपळे राखायला असते, हे गॅब्रिएलला तेव्हा कळलं. तो इतके दिवस फळीच राखत होता. असल्या गाढवाला कोण मुलगी देणार, असं वाटून त्याला रडूच आलं.

क्लारा मात्र पोट धरून हसत होती. "अहो बाबा, ती गाडीची मागची फळी हाय!"

लिओ थांबला. त्यानं आधी फळीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. "थेल्मा, मी उभा हाय गो! पेज आण."

दोन वाडगे पेज संपवून आणि गॅब्रिएलची मागणी ऐकून त्यानं मुलगी दिली. वैद्याला आठ दिवसांत जमलं नाही ते या गाढवानं दोन फेऱ्यांत केलं, असं त्याचं म्हणणं. फळी मात्र त्यानं सोडली नाही. मरणाच्या नावानं घरात आलेली वस्तू परत पाठवली तर ती पुन्हा येते म्हणाला. तिचा त्यानं पाट करून घेतला आणि त्यावर बसून पुढे अकरा वर्षं पोटभर जेवला.

अशी गॅब्रिएलची तिसरीही फळी गेली. या खेपेला चोर कोण हे त्याला पक्कं ठाऊक होतं, पण दर रविवारी त्याच्याच पुढे आशीर्वादाला वाकावं लागे.