आप्पा आणि न रुळणारा बूट

आमच्या गल्लीत कुणाकडे पाहुणे आले की शेजारचे आप्पा त्यांच्या तोंडाकडे बघत नाहीत. दारात काढलेले बूट उलटे करून त्यांचे तळ बघतात. पुतणीला बघायला मंडळी आली, तेव्हा नवऱ्यामुलाचा बूट हातात धरून भर बैठकीत म्हणाले, "पावणं टाच बाहेरनं झिजवत्यात. उताराला पाय मुरगळणार." लग्न झालं आणि पन्हाळ्याच्या उतारावर जावईबापूंचा पाय मुरगळला. तेव्हापासून आप्पांना कुणी गप्प बसवत नाही.

आप्पा साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. तरुणपणी एकदाच हिमालयात गेले होते, तेही मित्राचे बूट घालून. पहिल्याच उताराला अंगठ्यांची नखं गेली आणि ते अर्ध्यातून परत आले. तेव्हापासून कुणीही कुठंही निघालं की त्यांचा एकच प्रश्न असतो, "खाली काय हाय?" मी एकदा म्हटलं, गोव्याला चाललेय, खाली वाळू आहे. "मग अनवाणी जा की!"

चाळिशीला आल्यावर मी गिर्यारोहणाच्या शिबिरासाठी हिमालयात जायचं ठरवलं. शाळेतून एवढी रजा पुन्हा मिळणार नव्हती. बूट चुकला तर आप्पांसारखंच परत यावं लागलं असतं, म्हणून त्यांनाच दुकानात नेलं.

मला लाल, हलके बूट आवडले. विक्रेता म्हणाला, हे सगळीकडे चालतात. आप्पा त्याच्यावर उखडले. "तांबडा रस्सा आनि बासुंदी एकाच वाटीत खातोस व्हय? सह्याद्रीच्या वल्या कातळाला मऊ रबर पायजे. सुट्या दगडांच्या घसाऱ्याला घोटा झाकणारा बूट. आनि बर्फाला ताठ तळ, खाली काटे बांधायचे असत्यात. मास्तरीण, तुझ्या खाली काय हाय?"

"बर्फ," मी मुकाट्यानं म्हणाले.

मग लोकरीचे जाड मोजे चढवून, जड बूट घालून, दुकानासमोरच्या गाड्या चढवायच्या उतारावरून मला पंधरा वेळा खाली चालवलं. चहावाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे बघत होते. "चढताना सगळीच बुटं ग्वाड लागत्यात. उतरताना अंगठ्याला इचार!" अंगठा पुढं टेकला की आप्पा पुढचा नंबर मागवायचे. चौथ्या जोडाला अंगठा टेकला नाही.

पण नवा बूट पायात रुळवायला हवा. त्यासाठी रोज संध्याकाळी आप्पांबरोबर घरापासून कारखान्यापर्यंत आणि परत चालायचं ठरलं. एप्रिलच्या उकाड्यात माझ्या पायात बर्फाचे बूट, आप्पांच्या पायात करकरणाऱ्या चपला. "बाईंच्या पायाला प्लास्टर हाय का?" असं शाळेतल्या पोरी विचारायच्या. दर आठवड्याला आप्पा बूट वाकवून बघत आणि मान हलवत. "अजून रुळला न्हाय." असे दोन महिने गेले.

शिबिरात आमच्यातले तिघे पायांच्या दुखण्यापायी अर्ध्यातून परतले. मी शेवटपर्यंत गेले आणि उतरलेही. तंबूत मोजे काढून माझी दहाच्या दहा नखं बघितली आणि आप्पांच्या आठवणीनं डोळे भरून आले.

परत आल्यावर बूट घालूनच, पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले. दारात त्यांच्या सूनबाई भेटल्या, हळूच म्हणाल्या, "बरं झालं आलासा. तुमी गेल्यापास्नं मामंजी बाहेर पडलं न्हाईत. सासूबाई रोज त्यांच्यासंगं कारखान्यापत्तर चालायच्या. त्या गेल्या आनि फिरणं बंद झालतं. तुमच्या बुटानं सुरू झालं."

"पण बूट रुळायलाच दोन महिने लागले की," मी म्हटलं.

त्या हसल्या. "त्यो आठ दिसांत रुळलाता. मला सांगितलंतं त्यांनी."

आत आप्पांनी आधी पेढा नाही घेतला. मला बूट काढायला लावून, चष्मा चढवून एकेक नख मोजलं. "धा," म्हणाले, आणि मग पेढा उचलला.

मी बूट पुन्हा चढवले आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याशी खोटं बोलले.

"आप्पा, डावा अजून जरा चावतोय."

"म्हटलं न्हवतं मी? रुळला न्हाय त्यो!" आप्पा म्हणाले, आणि माझ्या आधी उंबऱ्याबाहेर जाऊन चपला शोधू लागले.