कुशीवर व्हतो, मास्तर!

आमच्या कुंडलचे धोंडीतात्या कधी उताणे झोपत नसत. ताप असो, पोट दुखो, झोपायचं ते कुशीवर. एकदा डॉक्टरांनी पोट तपासायला त्यांना टेबलावर उताणं व्हायला सांगितलं. तात्या खाली उतरले, पायताण घातलं आणि म्हणाले, "डाक्टर, भल्याभल्यांना ते जमलं न्हाई. तुमी आपल्या गोळ्या द्या." आणि गोळ्या घेऊन घरी आले.

कारण एकच. तरुणपणी शेजारच्या गावच्या जत्रेत त्यांची कुस्ती इस्लामपूरकडच्या महादू पैलवानाशी लागली होती. पंचांनी महादूचा हात वर केला. तात्यांच्या पाठीला माती लागली, असा निकाल. तात्यांना तो कधीच मान्य झाला नाही. वीसएक वर्षं गेली, बहात्तरचा दुष्काळ येऊन गेला, पोरींची लग्नं झाली, तरी तात्या त्या कुस्तीच्या हौद्यातून काही बाहेर आले नव्हते.

"कुशीवर व्हतो, मास्तर. कुशीवर!" हे त्यांचं पालुपद.

नुसतं सांगून भागत नसे. समोर सापडेल तो महादू. एसटीच्या थांब्यावर मी कितीदा तरी महादू झालोय. मी आपला इस्त्रीचा सदरा घालून शाळेला निघालेला, आणि तात्या माझा हात आपल्या मानेवर ठेवून म्हणत, "हितं दाबा. आता बगा, माजा खांदा कुटं हाय?" थोरल्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यालाही त्यांनी पोहे खाता खाता महादू केलं होतं. सोयरीक जुळली ती पोरीचं नशीब म्हणून.

गाव हसायचं. माझे वडील मात्र हसत नसत. ते त्या दिवशी अगदी पुढं बसले होते. "पंचानं घाई केली. खांदा अधांतरी व्हता," एवढंच म्हणत. म्हणजे तात्या खरं बोलत होते, आणि मला वाटतं तेच त्यांचं दुखणं होतं. खोटं असतं तर माणूस कंटाळून विसरला तरी असता. त्या निकालानंतर त्यांनी तालीम सोडली, जत्रा सोडल्या. झोपेतसुद्धा दात खातात, असं त्यांची बायको सांगे.

दुष्काळ सरल्यावर दोनतीन वर्षांनी महादूचा मुलगा आला. महादूला अर्धांगवायू झाला होता. "आबा सारखं तुमचं नाव घेत्यात," तो म्हणाला. तात्या ताडकन उठले.

"मास्तर, साक्षीला चला. आज कबूल करनार त्यो!"

एसटीत सगळी वाट ते फेटा सारखा करत होते.

महादू खाटेवर पडून होता. एक बाजू गेलेली, जीभ जड झालेली. तात्यांना बघून त्याचे डोळे भरले. तात्या वाट बघत उभे राहिले.

"धोंडी," महादू अडखळत म्हणाला, "लोकं म्हनत्यात, पंचानं मला दिली. आरं, जल्मात येकच मोटी कुस्ती मारली म्या. ती बी माजी न्हवं व्हय रं? तू तरी खरं सांग."

मी तात्यांकडं पाहिलं. एवढ्या वर्षांचा निकाल आता त्यांच्या जिभेवर होता. एक शब्द टाकला की झालं.

तात्या खाटेच्या कडेला बसले. महादूचा लुळा हात त्यांनी मांडीवर घेतला आणि हळूहळू चोळायला लागले.

"कोन म्हनतंय? माजी पाठ पुरती लागली व्हती. हरल्याला गडी बोंबलतोयच. तुजीच व्हती ती, गड्या."

महादू लहान पोरासारखा रडला. मग त्याला तसाच डोळा लागला.

परतताना मला रागच आला होता. "तात्या, मला साक्षीला नेलंत आणि हे काय केलंत?"

"मग द्या की साक्ष. गावात सांगा, धोंडीनं कबूल केलं. चार तोंडांनी त्येच्या कानावर गेलं तर त्येला खरं वाटंल." थोडा वेळ ते खिडकीबाहेर उसाकडं बघत राहिले. "लय वर्सं वढलं, मास्तर. आता नगं."

मी पारावर सांगितलं. लोक खो खो हसले. तात्या तिथंच बसले होते. कुणीतरी माझ्या वडिलांना डिवचलं, "काय आण्णा, तुमी तर खांदा अधांतरी व्हता म्हनत व्हता?"

वडिलांनी तात्यांकडं पाहिलं. तात्या मान खाली घालून जमिनीकडं बघत होते.

"म्या लांब बसलो व्हतो," वडील म्हणाले. "मला नीट दिसलं न्हवतं."

तात्यांनी तंबाखूची चंची त्यांच्यापुढं सरकवली.