तीन शिट्ट्यांचा वर्ग

परब भाऊजींना मी पहिल्या भेटीतच जीभ काढून दाखवली. चिडवायला नव्हे, डॉक्टरला दाखवतात तशी.

बोरिवलीच्या चाळीत मी नवी सून. बी.ए. झाल्याचा माज, अक्कल माहेरीच राहिलेली. भिंतीपलीकडून रोज भाऊजींचा आवाज यायचा, "भेंडीवर माव्याची कीड दिसली तर औषध थोडंच घ्या." भेंडी माझ्या कानात शिरलीच नाही, औषध तेवढं शिरलं. पोट बिघडलेलं होतं, गेले. भाऊजींनी जीभ निरखून पाहिली नि गंभीरपणे म्हणाले, "मुळाशी पाणी साठला हा, वयनी. निचरो व्हयो."

ते शेतकी खात्यात होते. दर वर्षी देवगडला, गावाकडे बदली मागायचे. खातं दर वर्षी त्यांना बोरिवलीतच ठेवायचं. खाडीपलीकडे गोराईत भाजी पिकवणाऱ्यांना फवारणी शिकवायची, हे काम. ते शिकल्याशिवाय सरकारी पंप मिळत नसे. वर्ग अकराला, कचेरीत. पण तोवर भाजी विकून मंडळी परतीच्या होडीत बसलेली असायची; घरी वाफ्यांना पाणी कोण देणार? वर्गात उरायचे परब आणि पंखा.

"माणसां येनत नाय, तर वर्गच होडयेत नेतंय," भाऊजी म्हणाले.

होडी पलीकडे लागेपर्यंत धडा संपायला हवा. त्याची तालीम आधी आमच्या घरी, आणि माप माझा कुकर. "वयनी, डाळ लावलास?" पहिल्या शिट्टीला तोंडाचं फडकं, दुसरीला वाऱ्याची दिशा, तिसरीला पंप धुणं. विद्यार्थिनी मी एकटीच. सासूबाई म्हणायच्या, "तोंड बांधून आमटी वाढतेस की दरोडा घालतेस गं?"

मोठे साहेब मात्र भडकले. होडीतला वर्ग हा वर्गच नव्हे, पंप मिळायचे नाहीत! शेवटी स्वतःच बघायला आले. ताज्या भाजीचं निमित्त काढून मीही होडीत चढले. साहेब फवाऱ्याची नळी हातात घेऊन उभे राहिले, ते थेट वाऱ्याकडे तोंड करून.

रिकाम्या टोपलीवर बसलेली म्हातारी ओरडली, "अरे सायबा, पाठ कर वाऱ्याकडे! औषध भेंडीला मारायचंय की तुला?"

अख्खी होडी हसली. साहेबही हसले. "झकास, परब. देऊन टाकू पंप."

पलीकडे सगळे उतरले. भाऊजी तेवढे होडीच्या टोकाशी दक्षिणेकडे बघत उभे. थंडीचे दिवस होते, हातात ते फडकं.

मला कुठे गप्प बसवतंय? म्हटलं, "आता काय राहिलं भाऊजी? होडीला डिग्री द्यायची?"

ते हसले नाहीत. फडक्याची घडी घालत म्हणाले, "वयनी, ही होडी अशीच फुडे गावाक जाऊक व्हयी होती. आमचे बाबा एकटेच आंब्याच्या मोहोराक औषध मारतत, आणि तेंच्या तोंडाक फडका बांधूक थंय कोण नाय."