पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा

"एकोणीस वर्षं झाली, आमच्या घरात लिहायला कोरा कागद विकत आलेला नाही." पाहुण्याच्या हातात पाण्याचा पेला देण्याआधी पाठकोरे हे वाक्य ऐकवत. पाहुणा नवा असला तर कौतुकानं मान डोलवी. जुना असला तर पुन्हा पाणी मागे.

पाठकोरे हे त्यांचं आडनाव नव्हे. एका मोठ्या कचेरीत ते स्टेशनरीचं भांडार सांभाळत. एका बाजूनं छापलेला आणि दुसऱ्या बाजूनं कोरा असा कागद टोपलीत पडलेला दिसला, की हरवलेलं पोर सापडावं तसा ते तो उचलत, झटकत आणि पिशवीत घालत. त्यावरून हे नाव पडलं, आणि इतकं पक्कं बसलं की बदलून आलेल्या साहेबांनी पहिल्याच दिवशी "मिस्टर पाठकोरे" अशी हाक मारली. त्यांनीही "यस सर" म्हटलं. दुरुस्ती करायची म्हणजे पुन्हा तोंडाची वाफ दवडणं आलं.

घरी वेगळं काही नव्हतं. साबणाची झिजलेली चिपाटी नव्या वडीला चिकटवायची. टूथपेस्टची ट्यूब शेवटी कात्रीनं उभी चिरायची. आलेली पाकिटं उलगडून, उलटी करून, पुन्हा खळ लावून वापरायची. खोलीतून बाहेर पडताना ते दिवा बंद करत, मग आत कोणी बसलेलं का असेना. बायको अंधारातून म्हणे, "अहो, मी आहे इथे." ते बाहेरून म्हणत, "असू दे, असू दे."

पाठकोऱ्या कागदांबाबत त्यांचा एक कडक नियम होता. लिहिलेली बाजू वाचायची नाही. पुढची बाजू लिहिणाऱ्याची, मागची आपली. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी टोपलीतला एक कागद वाचला होता आणि त्यात त्यांचीच बढती नाकारल्याची टिपणी होती. तेव्हापासून कागद हातात आला की ते तो आधी पालथा करत, आणि मगच त्याच्याकडे बघत.

हे कागद ते कचेरीतून भंगारात घेतलेल्या कटरवर कापत, चार तुकडे करत, कडेला डिंक लावून पॅड बनवत आणि वाटत. वाढदिवसाला पॅड, लग्नाला दोन पॅड. परगावी राहणाऱ्या त्यांच्या लेकीनं फोनवर साफ सांगितलं होतं, "बाबा, इथे कपाटात जागा नाही. आता तरी थांबा."

पण थांबायची पाळी वेगळ्याच कारणानं आली. कचेरीत सगळा कारभार कॉम्प्युटरच्या पडद्यावर गेला. टोपल्या रिकाम्या राहू लागल्या. तीन आठवडे पाठकोऱ्यांना एकही कागद मिळाला नाही. कटर कोपऱ्यात तसाच पडून होता आणि ते येताजाता त्याच्यावरची धूळ पुसत होते.

अशातच तो शनिवार उजाडला. सुट्टी होती. बायको सकाळी नऊलाच "जरा बाहेर जाऊन येते" म्हणून गेली होती. पाठकोरे आंघोळ करून बाहेर आले, तो जेवणाच्या टेबलावर कागदांचा हा एवढा गठ्ठा. दोऱ्यानं बांधलेला, पालथा ठेवलेला, आणि वरचं पान लख्ख कोरं.

त्यांचा आनंद गगनात मावेना. दोनच दिवसांपूर्वी बायको म्हणाली होती, "माळ्यावर लेकीच्या कॉलेजच्या वह्या पडल्यात, त्या काढून टाकते एकदा." त्याच वह्यांची ही पानं, दुसरं काय! गुणाची बायको, आपल्यासाठी काढून, नीट बांधून, टेबलावर ठेवून गेली. त्यांनी कागद मोजले. दोनशे बारा, सगळे एकाच बाजूनं लिहिलेले. एवढे चांगले कागद पोरीनं एकाच बाजूला लिहून संपवले याचा त्यांना थोडा रागही आला.

त्यांनी गठ्ठ्याचे चार सारखे भाग केले, प्रत्येक भाग कटरखाली घालून चौथाई कापला, डिंक लावला, पंख्याखाली वाळवला. पंखा एकवर. सोळा पॅड झाली. सहा घरात ठेवून उरलेली दहा त्यांनी पिशवीत घातली आणि गल्लीत वाटायला निघाले. शिंप्याला तीन दिली, दवाखान्यातल्या कंपाउंडरला चार, इस्त्रीवाल्याला दोन, आणि फाटकावरच्या रखवालदाराला एक. सगळ्यांनी सवयीनं आभार मानले. साडेअकराला ते घरी परतले ते शीळ घालत.

बायको टेबलाशी उभी होती. हातात एक मोठं, नवं कोरं, पिवळं पाकीट होतं.

"हे काय, पाकीट विकत आणलंस?" पाठकोरे म्हणाले. "घरात उलटवलेली नऊ आहेत."

"टेबलावरचा गठ्ठा कुठे आहे?"

"झाला ना. सोळा पॅड निघाली! लेकीचं अक्षर मोठं सुरेख होतं गं, मागून उमटलेलं दिसत होतं."

"ते लेकीचं अक्षर नव्हतं," बायको म्हणाली. "माझं होतं."

ती खुर्चीवर बसली. पाकीट तिनं मांडीवर ठेवलं आणि त्याच्यावर दोन्ही हात ठेवले. ओरडली असती तर पाठकोऱ्यांना बरं वाटलं असतं. ओरडण्याला काय उत्तर द्यायचं हे इतक्या वर्षांत त्यांना ठाऊक झालं होतं.

मग तिनं सांगितलं ते असं. आठ वर्षं ती दुपारची कामं आटोपल्यावर एक कादंबरी लिहीत होती. कागद शेजारच्या मुलांच्या शिकवणीच्या पैशांतून आणायची, भाजीच्या पिशवीत तळाशी घालून. म्हणजे पाठकोऱ्यांचा एकोणीस वर्षांचा विक्रम अकराव्या वर्षीच मोडला होता! एका प्रकाशकानं पहिली दोन प्रकरणं वाचून कळवलं होतं की पूर्ण कादंबरी पाठवा, एका बाजूनं लिहिलेली, सोमवारपर्यंत हातात पडली पाहिजे. दुसरी प्रत नव्हती. उलटवलेल्या पाकिटातून ती पाठवायला तिचं मन घेईना, म्हणून ती नवं पाकीट आणायला गेली होती. कोपऱ्यावरचं दुकान बंद होतं, म्हणून लांबच्या दुकानात गेली.

"मला सांगितलं का नाहीस?" पाठकोऱ्यांनी विचारलं.

"कधी विचारलंत, दुपारभर काय करतेस म्हणून?"

पाठकोरे चपला घालून तसेच बाहेर पडले.

शिंप्यानं पॅड मशीनवर ठेवलं होतं, पण सरळ नव्हे, उलटं. तो वाचत होता. "साहेब, ही बाई घर सोडून जाते की नाही?" त्यानं विचारलं. "माझ्याकडे ओळींची फक्त सुरुवात आहे. 'ती दाराशी आली आणि' एवढंच, पुढे कागद तुटला."

खरंच होतं ते. गठ्ठा चौथाई कापल्यामुळे शिंप्याकडे गेली ती पानांची डावी कोपरी. उजवी कोपरी कंपाउंडरकडे. पाठकोऱ्यांनी हे समजावून सांगितलं तेव्हा शिंप्यानं गळ्यातली टेपसुद्धा काढली नाही, तसाच त्यांच्याबरोबर दवाखान्यात आला. पॅड परत देण्याआधी पुढचं कळलं पाहिजे, ही त्याची अट होती.

दवाखान्यात कंपाउंडरनं तेवढ्या वेळात एका पॅडच्या चिठ्ठ्या फाडल्या होत्या. मागे डोस लिहायचा, पुडी बांधायची, पेशंटला द्यायची. एकोणतीस गेल्या होत्या. उरलेल्या त्यानं काउंटरवर मांडल्या, शिंप्यानं शेजारी आपल्या लावल्या, आणि दोघं एक ओळ अर्धी-अर्धी मोठ्यानं वाचू लागले. बाकावरचे पेशंट पुढे सरकले. खोकणाऱ्या बाईंनी खोकला दाबून धरला. आतून डॉक्टर स्वतः बाहेर आले आणि म्हणाले, "पुढच्याला आत का पाठवत नाही?" मग तेही उभे राहिले.

"हा नवरा मात्र फार चिकट दाखवलाय," कंपाउंडर म्हणाला. "बायको खोलीत बसलेली असताना दिवा बंद करतो. असा कोणी असतो का?"

पाठकोरे छताकडे बघत राहिले. इतकी माणसं असलेल्या जागेत आपल्याला कोणी ओळखू नये असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

इस्त्रीवाल्याची दोन आणि रखवालदाराचं एक पॅड जसंच्या तसं परत मिळालं. मग गेलेल्या एकोणतीस चिठ्ठ्यांची वसुली सुरू झाली. कंपाउंडरनं पेशंटांचे पत्ते दिले. कोणाच्या घरात पुडीचा कागद चुलीत गेला होता, कोणी चिठ्ठीचा बोळा करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातला होता. तिसऱ्या मजल्यावरचे तापानं फणफणलेले आजोबा चिठ्ठी सोडेनात.

"मागे डोस लिहिलाय," ते म्हणाले. "दिवसातून तीनदा. चिठ्ठी नेलीत तर मी काय करू?"

"मी दुसऱ्या कागदावर उतरवून देतो."

पाठकोऱ्यांनी खिसे चाचपले. खिशात एकही कोरी चिठ्ठी नव्हती. शेवटी त्यांनी आजोबांच्या कॅलेंडरवर डोस लिहिला. आजोबांनी चिठ्ठी दिली, पण हात सोडला नाही. "हे ज्यानं लिहिलंय ना," ते म्हणाले, "त्याला सांगा, माझी बायको अशीच गप्प बसायची. मी तिला कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही."

पाठकोऱ्यांनी चिठ्ठी जपून खिशात ठेवली. ते जिना उतरले आणि खालच्या पायरीवर थोडा वेळ बसले.

रविवारचा अख्खा दिवस दोघं जमिनीवर बसून तुकडे जुळवत होती. बायको पानांचे क्रमांक लावी, पाठकोरे मागून पट्टी चिकटवत. त्यासाठी त्यांनी चिकटपट्टीचा नवा रोल आणला होता, आणि बायकोनं त्याकडे बघितलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली. न वाचण्याचा नियम कालच दवाखान्यात मोडला होता, त्यामुळे ते चिकटवता चिकटवता वाचतही होते. सुरुवातीला चोरून. मग उघड.

कादंबरीतल्या नवऱ्याला त्यांनी ओळखलं. साबणाची चिपाटी होती, उलटी पाकिटं होती, दिवा होता. त्यांना आधी राग आला, मग लाज वाटली. पण दवाखान्यात अर्धंच वाचलं गेलं होतं. पुढे लिहिलं होतं की हा माणूस भर उन्हात दोन तास चालत घरी आला, कारण बसच्या भाड्यात मुलीची रंगपेटी येत होती. आल्यावर त्यानं पायांचे फोड कोणाला दाखवले नाहीत, पण त्याच्या बायकोला ते दिसले होते. त्याला वस्तू संपण्याची भीती वाटे, कारण लहानपणी त्याच्या घरात सगळंच संपलं होतं, असंही लिहिलं होतं. हे त्यांनी बायकोला एकदाच, लग्न नवं असताना सांगितलं होतं. ती विसरली असेल असं ते धरून चालले होते.

आपल्या संसारात आपल्याकडे कोणी एवढं बारकाईनं बघत होतं, हे त्यांना जमिनीवर बसून, हाताला चिकटपट्टी लागलेली असताना, लग्नाच्या सव्वीसाव्या वर्षी कळलं. डोळे भरून आले. ते त्यांनी बाहीला पुसले. बायकोचं लक्ष नव्हतं.

बारा तुकडे शेवटपर्यंत मिळाले नाहीत. सोमवारी सकाळी बायकोनं मुदत मागायला प्रकाशकाला फोन केला. ती फार कमी बोलली. फोन ठेवून म्हणाली, "या वर्षाची त्यांची यादी भरली. पुढच्या वर्षी पाठवा म्हणाले. बघू म्हणाले."

"माझ्यामुळे झालं," पाठकोरे म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "तुमच्यामुळेच झालं." त्यात राग उरला नव्हता, आणि तेच त्यांना जास्त लागलं. "आता पहिल्यापासून लिहून काढते पुन्हा. वर्ष आहे हाताशी."

ठिगळ लावलेला गठ्ठा दोघांच्या मध्ये टेबलावर होता. बायको त्याच्याकडे बघत होती. मग एकदम, दुसरीकडे बघत, तिनं विचारलं, "तुम्ही वाचलंत ना सगळं? कसं वाटलं?"

ती हे कोणालाच विचारू शकली नव्हती, आठ वर्षं. पाठकोऱ्यांना ते कळत होतं. त्या उन्हातल्या चालण्याबद्दल त्यांना बोलायचं होतं. तू लक्षात ठेवलंस, असं म्हणायचं होतं. डोळे भरून आले होते हेही सांगायचं होतं. पण जन्मभराची जीभ ती, ऐनवेळी आपल्याच वाटेनं गेली.

"छानच आहे," ते म्हणाले. "थोडं लांबलंय. चाळीसेक पानं कमी झाली असती."

म्हटलं आणि त्यांना कुठे तोंड लपवू असं झालं. पण बायको रागावली नाही. तिनं पेन्सिल उचलली, खुर्ची जवळ ओढली आणि अगदी मन लावून विचारलं, "कोणती?"

इतक्या गंभीरपणे तिनं त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. पाठकोरे पानं उलटू लागले. त्यांना एकही पान काढून टाकावंसं वाटत नव्हतं. पण बोलून तर बसले होते. आता माघार घ्यावी तर उगाच बोललो असं होईल. शिवाय ही पानं छापून आली तर शिंपी, कंपाउंडर, डॉक्टर सगळे वाचतील, आणि आपलं हे आतलं सगळ्यांना कळेल. त्यांनी मधली पानं काढली. रंगपेटी, उन्हातलं चालणं, पायाचे फोड, लहानपणचं घर. मोजून चाळीस भरली. ती त्यांनी बायकोपुढे सरकवली.

बायकोनं ती पानं एकदा वरून खाली वाचली. मग पेन्सिलीनं प्रत्येक पानावर एक तिरकी रेघ मारली.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "त्याच्याबद्दल एवढं लिहिण्यासारखं काही नव्हतंच."