आधी नाव घ्यायचं

फॉर्म मी भरला तो केवळ लिफ्ट येत नव्हती म्हणून. नोटीस बोर्डाखाली टेबल टाकून संघमित्राताई बसल्या होत्या. वर पाटी : 'रेडिओ गॅलरी. आपल्या वस्तीचं एफएम. निवेदिका पाहिजेत.' त्यांनी पेन पुढे केलं. लग्न होऊन नायगावात आल्यापासून चार महिन्यांत माझ्यासमोर आपणहून काही पुढे करणारं ते पहिलंच माणूस. (कुरिअरवाला धरलेला नाही. त्याला सही हवी असते.)

चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा गॅलरी गेली. माझा नवरा सम्यक सांगतो, चाळीत एका घरी बोंबील तळले की शेवटच्या खोलीपर्यंत कळायचं. मी भुसावळहून आले ती थेट अठराव्या मजल्यावर. समोरच्या दाराला नेमप्लेट आहे, बाहेर चपलांचं कपाट आहे. आत माणसं असावीत असा अंदाज आहे. सम्यक परळला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. ओव्हरटाइम करून येतो तेव्हा बोलण्यापुरता शिल्लक नसतो. मीही मुळात कमी बोलणारी. घर इतकं शांत, की फ्रिज सुरू झाला की मी दचकते.

रेडिओ गॅलरीचा आवाज जेमतेम परळपर्यंत पोचतो. मला तेवढ्याच लांब पोचायचं होतं. सम्यकच्या कँटीनमध्ये दुपारच्या चहाला हेच स्टेशन लागतं, कारण कँटीनवाला आमच्याच सी विंगचा. सम्यकला मी काहीच सांगितलं नाही. तो आवाज ऐकेल, चमकेल, घरी येऊन "अगं, तू?" म्हणेल आणि त्या निमित्तानं एक संध्याकाळ आम्ही गप्पा मारू. बेत एवढाच.

स्टुडिओ म्हणजे सोसायटी ऑफिसमागची खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगलेल्या. काचेपलीकडे मशीनवर प्रफुल्लदादा.

"लाल दिवा लागला की आधी नाव घ्यायचं," ताई म्हणाल्या. "नाव घेतल्याशिवाय एक अक्षर बोलायचं नाही. नियम आहे."

"इथेसुद्धा?"

"सगळ्या स्टेशनांवर असतं गं."

(नव्या नवरीला जो तो "नाव घे" म्हणतो. सरकारनंही म्हटलं असेल. मला नवल वाटलं नाही.)

दिवा लागला. मी घसा साफ केला.

"अठराव्या मजल्यावर दारं सगळी बंद,
सम्यकरावांचं नाव घेते, त्यांना ओव्हरटाइमचा छंद."

दादांचा चहा मशीनवर सांडला. ताई काचेमागून जोरजोरात हात फिरवू लागल्या. मला वाटलं, अजून एक हवाय.

"कुकरच्या तीन शिट्ट्या, ताटं घेतली दोन,
सम्यकराव म्हणतात 'निघालो' आणि ठेवतात फोन."

ताई दार ढकलून आत आल्या. "अगं बाई, नवऱ्याचं नाही! स्टेशनचं नाव! रेडिओ गॅलरी!"

हेही लाइव्ह गेलं. उरलेली वीस मिनिटं मी डेंग्यूची माहिती वाचली.

आठ वाजता सम्यक आला तो हसतच.

"आज रेडिओवर एका बाईनं धमाल केली! अख्खं कँटीन लोळत होतं."

"कोण होती?"

"सम्यकची बायको."

मी गॅस बंद केला.

"बी विंगमधला गं, तोही अठराव्यावरच, आमच्याच लॅबचा. सोसायटीत पाच सम्यक आहेत, पण ओव्हरटाइमचा छंद त्यालाच."

"आवाजावरून ओळखलंस?"

"छे! पण एवढं बोलणारी दुसरी कोण असणार? मी तसाच लॅबमध्ये गेलो, म्हटलं, लाज वाटते का रे? बायको तुझी रेडिओवर कळवळतेय, जा घरी! पाचला निघाला. हा बघ फोटो, शिवाजी पार्कात भेळ खातायत दोघं."

फोटो छान होता. ती खूप बोलत असावी. तो ऐकत होता.

"एक चांगलं काम झालं बघ," सम्यक बूट काढत म्हणाला. "आणि आठवडाभर त्याचा ओव्हरटाइम मी घेतलाय. त्याला म्हटलं, तू बिनधास्त जा रे. आमची कधी काही बोलत नाही."