वंगाळ रगत

बाळाराममामांना कुणी "कसं काय?" विचारलं की ते म्हणत, "तोंड उघड." मग ओठ बोटानं वर सारून हिरड्या बघत. माझ्या लग्नात त्यांनी बोहल्यावरच माझ्या हिरड्या तपासल्या होत्या. बायको ते अजून विसरलेली नाही.

कामतघरच्या कारखान्यात मी मेहता, म्हणजे कापड तपासून घेणारा कारकून. मामा, म्हणजे सगळ्या कारखान्याचेच मामा, तिथं तीस वर्षं लूम चालवत होते. मूळचे अंबाडी गावाकडचे. कुणाच्या हिरडीतून रक्त आलं की तो मामांकडेच जायचा. मामांचं सगळं शास्त्र एका वाक्यात होतं, "वंगाळ रगत हाय, जाऊं दे." उपचार काय, तर ब्रश बंद आणि मिसरी चालू. ब्रश फिरवला की रक्त येतं, म्हणजे दोष ब्रशचा! या न्यायानं आरसा फोडला की माणूस देखणा व्हायला हवा. मी बोललो की म्हणायचे, "मेताजी, तुमी कापड बघा. तोंडाचा मी बघतो."

आमचे लूम जुने. मागावर आडव्या धावणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागतं. मामांच्याच हिरड्यांतून रक्त गळायला लागलं आणि पांढऱ्या कापडावर गुलाबी ठिपके दिसू लागले. शेठ मला म्हणाले, "एक भी दाग और दिखा, तो बुड्ढे को घर भेज दो." घरी होतं कोण? मूलबाळ नाही, मामी चार वर्षांपूर्वी गेलेल्या. मी मामांना जवळजवळ ओढतच निजामपुऱ्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"दातांच्या मुळाशी कीटण साचलंय, म्हणून हिरड्या सुजल्यात," बाई म्हणाल्या. "ब्रश सोडलात म्हणून वाढलं. कीटण काढू. मऊ ब्रश दिवसातून दोनदा, मिसरी बंद." मामा तोंड वासून पडलेले, वाद घालता येईना. मला, खोटं कशाला बोलू, आसुरी आनंद झाला.

"साखरही तपासून घ्या. ती वाढली तरी हिरड्यांतून रक्त येतं, दात हलतात, सारखी तहान लागते."

मामा उठून बसले. "तहान? दिसभर पानी पानी?"

"हो. तुम्हाला होतं का तसं?"

"मना न्हाय."

मामी साखरेनं गेल्या. इस्पितळात कळलं तेव्हा फार उशीर झाला होता, एवढं मामांच्या सगळ्या चाळीला ठाऊक होतं. त्याआधीचं मला ठाऊक नव्हतं.

खाली रिक्षाची वाट बघताना मामा म्हणाले, "दोन वरसां तिच्या हिरडीतून रगत यायचा."

इतकी वर्षं या माणसाला एकदा तरी वादात हरवावं असं वाटायचं. आता जिंकलो होतो, आणि स्वतःचीच किळस येत होती. मी म्हणालो, "जाऊ द्या, मामा." म्हटल्यावर जीभ चावली.

"डाक्तरकडं जाते म्हनली होती," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "नवा लुगडा नेसून दारात बसली होती, मेताजी. मी म्हनलो, डाक्तर कशाला, घरात मी हाय ना."